सोलापूर : मिलचं गेट गेलं, आता गावानं राग घेऊन जायचं कुठं?

पहिली_पाळी

जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. बरेच दिवस मनात साठलंय.

गेल्या उन्हाळ्यात घरी गेलो होतो. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको, पण त्या वेळी सहावा दिवस उजाडला, तोही पहाटे तीनला येणार म्हणून अख्ख्या गल्लीनं जागून काढला आणि आलं ते पाऊण तास, करंगळीएवढी धार. सकाळी चावीवाला (नळाचं पाणी सोडणारा) सायकलवरून जाताना दिसला तर चार-पाच पोरांनी त्याला धरला. कॉलर पकडली, सायकल उचलून गटारीत टाकली. पोरं वाईट नाहीत हो, मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, एक तर एमकॉम झालाय आणि तीन वर्षं अभ्यासिकेत बसून भरतीची वाट बघतोय. वडील कट्ट्यावर बसले होते (एका मिलमध्ये २८ वर्षं, साचे खात्यात) ते उठून मध्ये गेले आणि म्हणले, "अरे ह्याला मारून काय व्हणार, हा तर बदलीवाला हाय. ह्याचा जॉबर कोन हाय ते तरी ठावं हाय का तुम्हाला?" (मिलच्या भाषेत बदलीवाला म्हणजे दुसऱ्याच्या जागी रोजावर येणारा, आणि जॉबर म्हणजे त्याच्यावरचा मुकादम.)

कोणालाच माहीत नव्हतं. मलापण नव्हतं.

ते वाक्य डोक्यातनं जाईना. वडलांच्या काळी कामावर अन्याय झाला तर काय करायचं हे पोराटोरालासुद्धा माहीत होतं. गेटवर जमायचं. आत जॉबर, त्याच्यावर मास्तर, त्याच्यावर मॅनेजर, राग कुठपर्यंत न्यायचा त्याचा जिना ठरलेला होता. आणि हे गाव रागाला कधी कमी नव्हतं. १९३० साली ५ मे ला गांधीजींना अटक झाली, मिली बंद पडल्या, ८ मे ला गोळीबार झाला, मग तीन-चार दिवस ह्या गावात इंग्रजांचं राज्यच नव्हतं. मार्शल लॉ लावून गाव परत घ्यावं लागलं. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार नावांत चार समाज आहेत बघा. हुतात्मा एक्सप्रेस ज्यांच्या नावानं धावते ते हे चौघं. मी दर महिन्याला त्या गाडीनं पुण्याला परत येतो आणि डब्यात निम्मे लोक सोलापूर सोडून चाललेले असतात.

आता मिली नाहीत. जुनी मिल साठच्या दशकातच गेली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात, नरसिंग गिरजी सरकारी होऊनसुद्धा टिकली नाही. वडलांची मिल बंद झाली तेव्हा मी सातवीत होतो. नाव लिहीत नाही, केस अजून संपलेली नाही. आधी महिना-दोन महिने पगार अर्धा आला, मग दिवाळीनंतर या म्हणले, मग गेटला कागद लागला. लोक वर्षभर रोज गेटवर जाऊन बसत होते, डबा घेऊन. घरात बसवत नाही म्हणून. फंडाचे पैसे मिळाले, ग्रॅच्युइटीचे अजून नाहीत, त्यांच्या खात्यातले निम्म्याहून जास्त लोक वारले.

माझं म्हणणं एवढंच आहे की मिल बंद पडल्यानं नुसता रोजगार गेला असं आपण म्हणतो ते अर्धं आहे. दाद मागायची जागा गेली. आता गावाला राग येतो तो चावीवाल्यावर निघतो, रिक्षावाल्यावर निघतो, डॉक्टरवर निघतो, शेजाऱ्यावर निघतो. जे आहेत तिथं, ज्यांनी बघितलंय, त्यांनी लिहा. मला बरोबर ठरायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

---

अशोकचौक

वाचलो. वडलांना नमस्कार सांगा.

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे मालक. मालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बंगला येतो, आमचं आठ मागांचं टॉवेलचं शेड आहे, वर पत्रा, मागच्या खोलीत आम्ही राहतो. आजोबा तेलंगणातनं आले, आधी हातमाग मग पावरलूम. पूर्व भागात आमच्यासारखी घरं मोजायला गेलात तर दमाल. घरात तेलुगू, कामगाराशी मराठी, सूतवाल्याशी हिंदी, शेजारी कन्नड, असंच चाललंय तीन पिढ्या.

तुम्ही म्हणता कामगारानं जायचं कुठं. खरं आहे. पण मालकानं पण जायचं कुठं सांगा की. चादरीचं बघा. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, महाराष्ट्रात अगदी सुरुवातीच्यापैकी आपला, पेढे वाटलो आम्ही. पण पानिपतचं पॉलिस्टरचं ब्लँकेट हलकं, मऊ, चादरीपेक्षा स्वस्त, आणि वरनं तिकडंच बनवलेली चादर "सोलापुरी" म्हणून विकूलालेत. जकॉर्डचं डिझाइन आम्ही काढायचं आणि महिन्यात ते दुसरीकडं छापून यायचं. खटला घालायला वकील परवडत नाही, आठ मागवाला कुठं दिल्लीला जाणार. म्हणून चादर सोडून टॉवेलला आलो. टॉवेलला ज्यांनी नवीन रॅपियर (वेगवान माग) घेतले ते वर गेले, आमचे तेच जुने माग, सेकंडहँड घेतलेले. त्यात नोटबंदी आली, तेव्हा कामगारांचा आठवड्याचा पगार रोखीत असायचा, तो द्यायला नोटा नाहीत. पुढच्या वर्षी जीएसटी. मग २०२० चा लॉकडाउन, माग इतके दिवस बंद राहिले की तेल वाळून गेलं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ५० टक्के शुल्क लावलं. मी स्वतः एक्सपोर्ट करत नाही पण जे करतात त्यांच्यासाठी मजुरीवर विणतो, त्यांच्या ऑर्डरी थांबल्या की तिसऱ्या दिवशी माझा माग थांबतो. कुठल्या गेटवर जाऊन बसू?

आणि एक लिहायचं होतं. १८ मे २०२५ ची अक्कलकोट रोड एमआयडीसीतली आग. टॉवेलचा कारखाना, आठ माणसं गेली, त्यात मालकाचं कुटुंब पण होतं आणि कामगाराचं पण, लहान लेकरू होतं. लोक विचारत होते कारखान्यात राहत होते कशाला. अहो आम्ही सगळे राहतो. मालक वर झोपतो, कामगार खाली झोपतो, मध्ये सुताचे गठ्ठे. आग लागली तर दोघांना एकच दार. त्या दिवसानंतर मी मागच्या भिंतीला दुसरं दार पाडलो. एवढंच माझ्या हातात होतं ते केलो.

---

लालबागची_चाळ

दोन्ही पोस्ट वाचून गलबलून आलं. आमचा संप १८ जानेवारी १९८२ चा, अडीच लाख गिरणी कामगार, तो कधी अधिकृतपणे मागेच घेतला गेला नाही. पण आमच्याकडे एक वेगळं झालं. गिरण्यांची जमीन सोन्याच्या भावाची होती, त्यामुळे निदान भांडायला काहीतरी शिल्लक राहिलं, घरांच्या लॉटऱ्या, मोर्चे, अजून चालू आहेत. सोलापुरात मिलच्या जमिनीला तेवढा भाव नव्हता म्हणून कोणी लक्षच दिलं नाही असं झालं का? माहीत नाही म्हणून विचारतोय.

---

अशोकचौक

जमिनींचे पण प्लॉट पडले की, सोसायट्या झाल्या. पण मुंबईएवढा पैसा नाही म्हणून मुंबईएवढ्या बातम्या पण नाहीत. मिलच्या चिमण्या तेवढ्या दिसायच्या लांबनं.

---

तारेपलीकडे

धागाकर्त्याच्या भावना समजतात आणि वडिलांबद्दल आदर आहेच. तरी एक बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मिलच्या भोंग्याबद्दल लोक हळवे होऊन बोलतात. आमच्या घरात त्या भोंग्याची आठवण वेगळी आहे. माझे पणजोबा-आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. आत हजेरी, बाहेर जायला परवाना. आणि त्या कुंपणातनं माणसं कामाला जायची कुठं, तर मिलमध्ये. मिलला माणसं पाहिजे होती, सरकारला ही माणसं नजरेखाली पाहिजे होती, दोघांची सोय झाली. आजी सांगायची, भोंगा वाजला की जायचं आणि सुटला की परत हजेरी, मध्ये कुठं थांबलात तर पकडणार. देश स्वतंत्र झाल्यावरसुद्धा पाच वर्षं तार होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटलो आम्ही. म्हणून आमच्याकडं १५ ऑगस्टइतकाच तो दिवस मोठा.

१९३० चे चार दिवस गावात इंग्रज नव्हते म्हणता तेव्हा आमचे लोक तारेच्या आतच होते. गेटवर जाऊन दाद मागायची सोय सगळ्यांना होती असं धरून चालू नका. काही जणांना त्या गेटमध्ये कायद्यानं घातलेलं होतं.

आणि आजचंही सांगतो. वस्तीवर पोलिसाची गाडी येते तेव्हा चोरी कुठं झाली हे नंतर कळतं, आधी पोरं उचलली जातात. मिल असताना निदान बिल्ला दाखवता यायचा, की मी कामावर होतो. आता बिल्ला पण नाही. म्हणजे तुमच्या म्हणण्याशी मी शेवटी सहमतच आहे बहुतेक, फक्त वेगळ्या रस्त्यानं आलो.

---

पहिली_पाळी

हे मला सुचलंच नव्हतं. सेटलमेंट हा शब्द लहानपणापासून रिक्षाच्या स्टॉपसारखा ऐकला, सेटलमेंटला जायचं, सेटलमेंटवरनं आलो, कधी थांबून विचार केला नाही. चुकलं माझं. वडलांना वाचून दाखवतो तुमची पोस्ट.

---

कोर्टकचेरी

मी सोलापूरची नाही, लातूरची, पण वकिलीच्या पहिल्या वर्षात सोलापूर हे नाव भेटतंच भेटतं. त्यातली एक गोष्ट ह्या चर्चेला लागू पडते म्हणून लिहिते.

ती जी जुनी मिल, सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, ती १९४९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं बंद केली. तर केंद्र सरकारनं काय करावं, जानेवारी १९५० मध्ये एका मिलसाठी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी संसदेनं तसा कायदा केला. एका मिलसाठी! आणि कारण काय लिहिलं तर गैरकारभारामुळे आवश्यक मालाच्या उत्पादनावर परिणाम झाला आणि कामगारांच्या एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली. कंपनीचा एक साधा भागधारक, चिरंजितलाल चौधरी, सुप्रीम कोर्टात गेला, १९५० च्या डिसेंबरमध्ये बहुमतानं त्याच्या विरुद्ध निकाल लागला. मग दुसरा भागधारक द्वारकादास श्रीनिवास, तो मात्र जिंकला, मोबदला न देता मालमत्ता घेतली म्हणून. त्यानंतर मालमत्तेच्या हक्कावर देशात जे काय रामायण झालं त्यात ही केस कायम आहे.

आता विचार करा. प्रजासत्ताक अजून जन्मायचं होतं तेव्हा, सोलापूरच्या कामगाराची बेकारी हा दिल्लीला अध्यादेश काढण्याएवढा मोठा प्रश्न वाटला. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मिली एकामागून एक बंद झाल्या तेव्हा कामगाराच्या हातात काय होतं, तर लिक्विडेटरच्या (बंद कंपनी विकून देणी भागवणाऱ्याच्या) ऑफिसातली फाइल. मी अशा फाइली बघितल्यात, गाव दुसरं. क्रमानं बँक, मग बाकीचे. कामगाराचा हक्क बँकेच्या बरोबरीचा असतो कायद्यात, पण बँकेचा वकील प्रत्येक तारखेला हजर असतो आणि कामगाराचा वकील वर्गणी काढून आणलेला असतो. बाकी मी काय सांगू. तुमच्या वडलांकडं हजेरीची, पगाराची कागदं असतील तर जपून ठेवा, वारस म्हणून दावा पुढे नेता येतो. खरडवहीत या, सविस्तर सांगते.

---

विजापूर_वेस

पहिली_पाळी, तुम्ही लिहिलंत की राग शेजाऱ्यावर निघतो. तेवढ्या अर्ध्या वाक्यावरून पुढे गेलात. मी तिथंच थांबलो.

ऑक्टोबर २००२. अमेरिकेतल्या कोणा धर्मगुरूनं पैगंबरांबद्दल काहीबाही बोललं, त्याच्या निषेधाचा बंद, आणि त्या दिवशी सोलापूर पेटलं. माणूस तिकडं अमेरिकेत, दुकानं जळली आमच्या बोळातली. मी तेव्हा दहावीत. अब्बा एका कारखान्यात वायरमन होते, कर्फ्यूमध्ये अडकले, दोन दिवस तिथंच राहिले, त्यांच्याबरोबर चार पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाचे) कामगार अडकले होते, पाचांनी मिळून एका डब्याचा भात खाल्ला असं ते नेहमी सांगतात. बाहेर त्याच पाच घरांच्या गल्ल्यांत एकमेकांवर दगड चालले होते.

मी पुष्कळदा विचार केलाय की दगड मारणारी पोरं कोण होती. आमच्यातली पण आणि त्यांच्यातली पण. दुपारी बारा वाजता रस्त्यावर मोकळी असलेली पोरं. ज्यांचे बाप मिलमधून घरी बसून पाच-सात वर्षं झाली होती. पोटाला काम असतं तर दंगल झालीच नसती असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं आहे, कामवाले पण द्वेष करतात. पण राग असलेल्या माणसाला पत्ता माहीत नसला ना, की कोणीतरी येऊन त्याला पत्ता देतो. नेहमी जवळचा देतो. चालत जाता येईल असा.

कुर्बान हुसेन आणि मल्लाप्पा धनशेट्टी ह्यांचे पुतळे एकाच चौकात आहेत आपल्याकडं. कर्फ्यूत पण होते.

---

हुतात्मा_सी४

मी त्या गाडीतलाच. हडपसरला राहतो, खराडीला काम. धागा वाचत राहिलो रात्रभर.

मला आमच्या पिढीचं सांगायचंय. लोक म्हणतात पोरं सोडून जाऊलालेत, गावाला कोण बघणार. काका-मामा लोक गड्ड्याच्या जत्रेला भेटले की तेच. अरे मी इंजिनिअरिंग केलो सोलापुरातच, आमच्या वर्गातल्या साठ जणांतले गावात राहिलेले चार. चारपैकी दोघांच्या बापाचं दुकान. मला कोणी विचारलं नाही राहणार का म्हणून. पुण्यात वन आरकेला जेवढं भाडं देतो तेवढा पगार सोलापुरात मला एका ठिकाणी सांगितला होता, त्यात दुपारी लाइट गेली तर घरी पाठवायचे आणि अर्धा दिवस कापायचे.

सोडून जाणं हा पण एक संपच आहे की. फक्त एकेकट्यानं केलेला. पहिल्या पाळीचे लोक एकत्र बाहेर पडायचे तर मालकाला कळायचं की लोक बाहेर पडले. आम्ही एकेक करून साडेसहाच्या गाडीत बसतो, कोणाला काही कळत नाही. मधनं कधीतरी स्मार्ट सिटी झाली, २०१६ ला पहिल्याच यादीत नंबर लागला, रंगभवनजवळचा रस्ता चांगला झाला, खरंच चांगला झाला, मी कशाला नाही म्हणू. वंदे भारत आली. विमानासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, १५ जून २०२३, गावात दोन तट पडले, भावाभावात अबोला झाला त्यावरनं. २०२५ ला विमान पण सुरू झालं गोव्याला. सगळं गावातनं बाहेर जायचंच झालं. घरी राहायचं असेल तर नळाला पाणी पाहिजे, ते पाचव्या दिवशी.

आई एकटी असते तिथं. बादल्या तिच्याच्यानं उचलत नाहीत आता. ते पाणी भरायच्या दिवशी शेजारची पोरं भरून देतात, त्यातलाच एखादा चावीवाल्याची सायकल फेकणारा असेल.

---

पाकणी_टाकळी

पाण्याचा जॉबर कोण ते मी सांगतो. ह्या कामाशी संबंधित होतो काही वर्षं, आता नाही, त्यामुळे लिहू शकतो.

गावाला पाणी तीन ठिकाणांहून. एक उजनीहून थेट पाइपलाइन, शंभरावर किलोमीटर, पाकणीला शुद्ध होऊन येते. दुसरं भीमा नदीतून, टाकळीहून उचलायचं आणि सोरेगावला शुद्ध करायचं. तिसरं हिप्परग्याचा एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळातला, तो पावसावर. ह्यातलं दुसरं जे आहे तिथं सगळी मेख आहे. नदी कोरडी पडली की उजनीतनं नदीत पाणी सोडायचं, ते वाळू भिजवत, ऊन खात, वाटेतल्या मोटारी पाजत औज-चिंचपूर बंधाऱ्यापर्यंत यायला कित्येक दिवस. गावाला जेवढं लागतं त्याच्या कित्येक पट पाणी धरणातनं सोडावं लागतं. उजनी ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. पण धरण काठोकाठ भरलं त्या वर्षी पण तुम्हाला रोज पाणी आलं नाही, आठवून बघा. म्हणजे पाणी नाही हे कारण खोटं. समांतर पाइपलाइन वर्षानुवर्षं कागदावर फिरत राहिली, एकदा ठेकेदार, एकदा दर, एकदा जागा. त्याच काळात वीज केंद्रासाठी, १३२० मेगावॅटचं जे झालं, उजनीहून वेगळी पाइपलाइन टाकून झाली. होत नाही असं नाही. कोणासाठी करायचं ठरवलं की होतं.

आणि धरणातनं आणलं तरी गावात ठेवायला टाक्या कमी, वाटायच्या पाइपा जुन्या. १९९२ ला हद्दवाढ करून आजूबाजूची गावं शहरात घेतली, तो भाग अजून "हद्दवाढ भाग" ह्याच नावानं ओळखला जातो ना? तीस वर्षांनी पण वाढीवच. तिथं पाइप टाकता टाकता आयुष्यं गेली.

चावीवाल्याचं म्हणाल तर तो बहुतेक ठेक्यावर असतो. त्याला रात्री फोन येतो, अमुक चावी इतके आटे खोल. का, किती वेळ, त्याला कोणी सांगत नाही. शिव्या मात्र सगळ्या त्याच्या. तुमचे वडील बरोबर बोलले. जॉबर पाहिजे असेल तर पाणीपुरवठा विभागाच्या वेळापत्रकाची मागणी माहिती अधिकारात करा, झोननुसार, टाकीनुसार. टाकीत किती आलं आणि किती सोडलं ह्याची नोंद असते. ती मागितली की माणसं हलतात, मी आतून बघितलंय.

---

कुंभारीकर

सगळ्यांचं वाचलं. इतकं वाचून पण एकानंही विड्या वळणाऱ्या बायकांचं नाव काढलं नाही. रागावून नाही लिहीत पण लागलं मनाला.

मिली बंद पडल्या तेव्हा पूर्व भागातली चूल कोणी पेटती ठेवली? आमच्या आयांनी. हजारोंनी. बाप गेटवर डबा घेऊन बसला होता ना, तो डबा विडीच्या पैशाचा होता. आई सकाळी ब्रँचला (विडी कारखान्याच्या शाखेत) पानं-तंबाखू घ्यायला जायची, पानं खराब निघाली तर आपल्या पदरचे पैसे घालून पानं आणायची, हजार विड्या पुऱ्या करायच्या, मग परत द्यायला गेलं की तिथं मोजताना मूठभर बाजूला काढायचे, ह्या चालत नाहीत म्हणून. चालत नाहीत तर परत द्या, तर परत पण नाही द्यायचे. मी पाचवीपासून विड्यांची तोंडं बांधायला बसायचे आईजवळ, सुपात. अजून तो वास माझ्या वह्यांना येतो. आईला दमा आहे.

तुम्ही म्हणता दाद मागायला जागा नाही. ह्या बायकांना कधीच गेट नव्हतं. काम घरात, एकेकटीनं. तरी जमल्या की नाही? मास्तरांच्या मागं, म्हणजे कामगार पुढारी आडम मास्तर, लाल झेंडा घेऊन. घर पाहिजे ही मागणी. लोक हसले. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं झाली, २००६ ला मनमोहन सिंग आले होते वाटपाला. मी त्यातल्याच एका घरात वाढले. पंचवीस-तीस बायका एका पत्र्याच्या खोलीत सभेला बसायच्या ते मला आठवतं, मांडीवर सूप घेऊन, हात थांबवायचे नाहीत, भाषण ऐकता ऐकता विड्या. मग रे नगर, तीस हजार घरांचं, १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या पंधरा हजारांचं वाटप मोदींनी केलं. पक्ष कुठला पण असू दे, दोन पंतप्रधान आले ते ह्या बायका उन्हात बसल्या म्हणून आले.

मला हे पण सांगायचंय की घर मिळालं म्हणजे संपलं असं नाही. गावापासून लांब, रिक्षाला पैसे, काम गावात. विडी ओढणारे कमी झाले, काम आठवड्यात निम्मे दिवस. माझ्या धाकट्या बहिणीला विडी येत नाही, आईनं मुद्दाम शिकवली नाही, आणि दुसरं काही काम पण जवळ नाही. ती मोबाइलच्या दुकानात जाते, दोन बस बदलून. आई म्हणते आमच्या वेळी आम्ही निदान एकमेकींना ओळखत होतो.

पण गेट नाही म्हणून जाता येत नाही, हे मला पटत नाही. आम्ही कलेक्टर कचेरीपर्यंत चालत जायचो. गेट नसलं तर आपण जिथं बसू तिथं गेट.

---

अशोकचौक

ताई, माफ करा. माझ्या घरात पण आईनं विड्या वळल्या, माग घ्यायला पहिले पैसे तिच्याच फंडातले होते. लिहायला पाहिजे होतं. सुचलं नाही हे खरं.

---

विजापूर_वेस

कुंभारीकर, आमची फुफी पण. शाळा सुटली की आम्ही पानं कापायला. तुमची पोस्ट अम्मीला वाचून दाखवली, ती म्हणली ब्रँचला रांगेत तेलुगू, मराठी, दखनी सगळं एकाच वेळी चालायचं आणि मोजणाऱ्याला शिव्या मात्र कन्नडमध्ये, त्याला कळू नये म्हणून.

---

हुतात्मा_सी४

पाकणी_टाकळी, त्या अर्जाचा नमुना टाकाल का? माझ्या आईचा झोन मला माहीत आहे, अजून कोणाकोणाचा माहीत असेल तर इथं लिहा. दहा झोनचे दहा अर्ज एकाच दिवशी गेले तर निदान लक्षात येईल की दहा माणसं बाहेर पडलीत.

---

पाकणी_टाकळी

रविवारी टाकतो. मागच्या सहा महिन्यांची टाकीनिहाय नोंद असा शब्द घाला, नुसतं "पाणी का येत नाही" विचारलं तर नुसतं उत्तर येतं.

---

पहिली_पाळी

माझा अर्ज वडलांच्या नावानं. त्यांनीच सांगितलं, माझ्या नावानं घाल म्हणून.

काल संध्याकाळी फोनवर त्यांना सगळा धागा वाचून दाखवला, दीड तास लागला. आग वाचताना मध्येच थांब म्हणाले. विड्यांचं ऐकून आईला फोन दिला, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली त्या मुलीच्या आईला दम्यासाठी कुठं दाखवलंय विचार. कुंभारीकर, सांगाल का.

तारेपलीकडे, तुमच्यासाठी त्यांनी वेगळं सांगितलंय, त्यांच्याच शब्दांत लिहितो. ते कामाला लागले तेव्हा खात्यात सेटलमेंटचे दोन म्हातारे होते, तार निघून पुष्कळ वर्षं झालेली. पाळी सुटली की बाकीचे लोक चहाला थांबायचे, हे दोघं कधी थांबले नाहीत, तडक घरी. तरणी पोरं त्यांना हसायची, मीपण हसलो, असं म्हणाले. का थांबत नव्हते ते काल कळलं. त्यांनी विचारायला सांगितलंय, तुमचे आजोबा कुठल्या खात्यात होते?

---

तारेपलीकडे

रिंग खातं. पितळी बिल्ला आहे घरात, आजीच्या ट्रंकेत. नंबर बघून सांगतो.